पाखरांची हिवाळी गणती
इयत्ता ३ री ते ५ वी : परिसर अभ्यास व गणित यांचा समवायी पाठ

बेलापूर हे श्रीरामपूर तालुक्यातील प्रवरेच्या काठचे गाव. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी या कोरड्या मुलखाचे रूप पालटले. आज येथे उसाचे फड, पाटचाऱ्या, रब्बीची ज्वारी व गहू, बांधावरच्या बोरी-बाभळी आणि नदीचा काठ हे सारे शाळेपासून थोड्या चालीच्या अंतरात सापडते. जितक्या तऱ्हेची जागा तितक्या तऱ्हेची पाखरे, हा निसर्गाचा नियमच आहे. त्यामुळे पाखरांच्या अभ्यासासाठी या भागातील शिक्षकास दूरची सहल काढावी लागत नाही. शाळेचे आवार पुरते.

हिवाळा या अभ्यासास विशेष सोयीचा. चिमणी, कावळा, साळुंकी, होला, बुलबुल, कोतवाल, वेडा राघू या कायमच्या रहिवाशांत या दिवसांत पाहुण्यांची भर पडते. गुलाबी अंगाची व काळ्या डोक्याची भोरडी मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून थव्याथव्यांनी येते. ओल्या रानात शेपटी वरखाली हालवीत चालणारा परीट हिमालयाकडून आणि त्याच्याही पलीकडून येतो. आवाराच्या भिंतीवर बसून शेपटी थरथरविणारा थिरथिऱ्या हाही उत्तरेकडचाच पाहुणा. भूगोलाच्या पुस्तकातील दूरचे देश असे आपण होऊन शाळेच्या दारी येतात.

पाठाचा उद्देश

या पाठाचे तीन उद्देश आहेत. परिसरातील निदान दहा पाखरे मुलांना रूप, आवाज व सवयी यांवरून ओळखता यावीत, हा पहिला. मोजणे, अंदाज करणे, तक्ता भरणे व सरासरी काढणे ही गणिताची कामे खऱ्याखुऱ्या वस्तूंवर व्हावीत, हा दुसरा. तिसरा उद्देश सर्वांत महत्त्वाचा : जे दिसले तेवढेच लिहावे आणि जे दिसले नाही ते लिहू नये, ही सवय लागावी.

पूर्वतयारी

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी प्रारंभ करून फेब्रुवारीअखेर दर शनिवारी गणती घ्यावी. जेथे शनिवारी सकाळची शाळा भरते तेथे ही वेळ उत्तम, कारण सकाळच्या प्रहरी पाखरांची हालचाल अधिक असते. त्यापूर्वी वर्गात चित्रांच्या साह्याने पाखरांची ओळख करून द्यावी. मुले घरची नावे सांगतील ती प्रथम फळ्यावर लिहावी, मग पुस्तकी नाव शेजारी लिहावे. घरचे नाव चूक म्हणून पुसू नये.

साहित्य अल्पच लागते : एक वही, पेन्सिल, घड्याळ आणि बसण्यास एक ठरलेली जागा. द्विशिक्षकी शाळेत तिन्ही वर्गांचे मिळून चार गट करावे व प्रत्येक गटाला आवाराची एक दिशा द्यावी. गटात एकाने पाहावे, एकाने मोजावे व एकाने लिहावे. पुढच्या शनिवारी कामे बदलावी.

मोजण्याची रीत

गणतीचा काळ पंधरा मिनिटांचा असावा. जागा तीच, वेळ तीच व पद्धत तीच ठेवावी. एका आठवड्यास पंधरा मिनिटे व दुसऱ्यास अर्धा तास मोजल्यास दोन्ही आकड्यांची तुलना होऊ शकत नाही. वहीत तारीख, वेळ, आभाळ व वारा यांची नोंद प्रथम करावी.

एकच चिमणी तीनदा उडून आली तर ती तीनदा मोजली जाण्याचा संभव असतो. यावर सोपा उपाय असा की, त्या पंधरा मिनिटांत एका जातीची जास्तीत जास्त पाखरे एकाच वेळी किती दिसली तेवढा आकडा धरावा. समजा, प्रारंभी ७ चिमण्या दिसल्या, पाच मिनिटांनी ११ व अखेरीस ६. मुले २४ लिहू पाहतील. लिहावयाचे ते ११. या एका उदाहरणावर पुरेसा वेळ द्यावा. बेरीज कोठे करावी याइतकेच ती कोठे करू नये हेही गणितात शिकवावे लागते.

भोरड्यांचा थवा आला म्हणजे एकेक मोजणे अशक्य होते. तेव्हा दहा पाखरांचा एक पुंजका डोळ्याने धरावा आणि सबंध थव्यात असे किती पुंजके बसतील ते पाहावे. याचा सराव वर्गात आधी करून घ्यावा. पांढऱ्या कापडावर मूठभर ज्वारी पसरावी, तीन आकडे म्हणेपर्यंत मुलांना पाहू द्यावी, मग झाकावी. प्रत्येकाने आपला अंदाज पाटीवर लिहावा. नंतर दाणे दहा-दहांच्या ढिगांत मांडून मोजावे. प्रथम अंदाज फारच चुकतील. चार-पाच वेळांनंतर ते जवळ येऊ लागतील. दशकाची कल्पना येथे जशी ठसते तशी केवळ फळ्यावर ठसत नाही.

शून्याची नोंद

एखाद्या शनिवारी मूल विचारील, “गुरुजी, आज एकही चिमणी आली नाही. काय लिहू?” उत्तर एकच : शून्य लिही. रिकामी जागा व शून्य यांत मोठा भेद आहे. रिकामी जागा म्हणजे पाहिलेच नाही. शून्य म्हणजे पाहिले, पण दिसले नाही.

समजा, डिसेंबरच्या चार शनिवारी चिमण्यांचे आकडे ११, ८, ० व १३ असे आले. बेरीज ३२, सरासरी ८. आता शून्य पुसून तीनच शनिवार धरले तर सरासरी साडेदहाहून अधिक होते. पाखरू एकही न वाढता आकडा वाढला! ज्याच्या वहीत अधिक पाखरे त्यास शाबासकी, अशी रीत शिक्षकाने चुकूनही पाडू नये. तसे झाले की पुढील आठवड्यापासून पाखरे आवारात नव्हे, वहीत वाढू लागतात.

दाणा व पाणी

थंड देशांत हिवाळ्यात जमीन बर्फाखाली जाते, पाखरांची उपासमार होते, म्हणून तेथे लोक बागेत दाणे ठेवतात. आपल्याकडील स्थिती वेगळी आहे. पौषात ज्वारी हुरड्यावर येते. रानात दाणा व किडा दोन्ही विपुल असतात. पाखरांची खरी ओढ होते ती चैत्र-वैशाखात, आणि तीही मुख्यतः पाण्याची. म्हणून हिवाळ्यातील दाणे हे पाखरांच्या पोटासाठी नसून मुलांच्या निरीक्षणासाठी आहेत, हे शिक्षकाने ध्यानी ठेवावे.

दिवसास एक मूठ ज्वारी, बाजरी किंवा तांदळाची कणी पुरे. पेरणीसाठी आणलेले रंगीत बियाणे कधीही घालू नये. त्यास कीडनाशक वा बुरशीनाशक चोळलेले असते. मिठाचे, तेलाचे व तिखटाचे उरलेले अन्नही घालू नये. दाणे उघड्या फरशीवर टाकावे, म्हणजे दबा धरून बसलेले मांजर पाखरांना दिसते. उरलेले दाणे रोज झाडून काढावे. मातीच्या पसरट परळात दोन बोटे पाणी ठेवून मध्ये एक दगड ठेवावा. परळ रोज घासावा व पाणी बदलावे, नाहीतर त्यात डास होतात. हे परळ सुट्टीतही भरले जाईल अशी शेजारच्या घराशी व्यवस्था करावी.

गणती दाणे टाकण्यापूर्वी करावी. दाण्यांवर कोण येते याचे निरीक्षण त्यानंतर निराळे घ्यावे. चिमणी, होला व साळुंकी येतील. वेडा राघू व कोतवाल येणार नाहीत. ते का येत नाहीत, याचे उत्तर मुलांनी त्यांच्या चोचीत व हवेतल्या किड्यांवरील झडपेत शोधावे.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. मेलेले वा आजारी पाखरू मुलांनी हाती घेऊ नये. २००६ साली नवापूर येथे व २०२१ साली परभणी जिल्ह्यात कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला होता. पाखरे एकदम मेलेली दिसल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. दुसरी गोष्ट मांजाची. संक्रांत गणतीच्या मध्यावरच येते. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली बंदी घातली आहे. झाडांत अडकलेला मांजा मोठ्यांच्या मदतीने काढून घेणे हे पाखरांना दाणे घालण्याहून मोठे काम आहे.

पालकांचा रास्त प्रश्न

शेतकरी पालक विचारतील, “आम्ही माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरे हाकायची आणि शाळेत पोरांनी त्यांनाच दाणे घालायचे, हे कसे?” हा प्रश्न रास्त आहे व शिक्षकाने तो टाळू नये. भोरड्यांचा थवा ज्वारीच्या कणसांवर उतरला म्हणजे नुकसान होतेच. ते झाकून पाखरांची नुसती स्तुती केल्यास मुले शिक्षकावर विश्वास ठेवणार नाहीत, कारण राखणीला तीच जातात.

परंतु हिशेबाची दुसरी बाजूही मांडावी. हीच भोरडी टोळ व नाकतोडे फस्त करते. मायदेशी तिची पिले त्यांवरच वाढतात. चिमणी दाणे खाते, पण पिलांना किडे भरविते. नांगरामागे चालणारा गायबगळा व गुरांच्या पाठीवर बसणारा कोतवाल किडेच टिपतात. रात्री घुबड उंदीर मारते. म्हणून पीक राखणे योग्य, पाखरू मारणे वा विष घालणे अयोग्य. राखणीला जाणाऱ्या मुलास ‘शेतातील गणती’ हे खास काम द्यावे : कोणते पाखरू कणसावर बसले व कोणते बांधावर किडे टिपत होते, त्याने दोन रकान्यांत लिहावे. मग पालकांशी वाद घालावा लागणार नाही, वहीच बोलेल.

गणतीचा व्यापक उपयोग

१९०० सालच्या नाताळात अमेरिकेतील पाखरांच्या शिकारीच्या चढाओढीऐवजी पाखरे मोजण्याची सूचना फ्रँक चॅपमन यांनी केली. त्या दिवशी २५ ठिकाणी २७ जणांनी गणती केली. ती प्रथा आजही चालू आहे. इंग्लंडात १९७९ पासून मुले व मोठी माणसे जानेवारीत बागेतील पाखरे मोजतात. फेब्रुवारीच्या मध्यास होणाऱ्या चार दिवसांच्या जागतिक गणतीत भारतातील लोक २०१३ पासून भाग घेतात. तिचीही किमान वेळ पंधरा मिनिटांचीच आहे.

अशा साध्या नोंदींचा ढीग मोठा झाला म्हणजे त्यातून ज्ञान निघते. २०२३ साली प्रसिद्ध झालेला भारतातील पाखरांच्या स्थितीचा अहवाल सुमारे ३०,००० निरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ जातींचा विचार झाला. चिमणी सर्वत्र नाहीशी होत आहे असा समज होता. २०२० च्या अहवालाने दाखविले की मोठ्या शहरांत ती घटली, पण देशभराचा विचार करता तिची संख्या साधारण स्थिर आहे. खेड्यांतील नोंदींवाचून हे कळले नसते. महाराष्ट्रात मारुती चितमपल्ली व डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिनांस जोडून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षिसप्ताह पाळला जातो. तो बहुधा दिवाळीच्या आसपास येत असल्याने शाळांनी त्याचे कार्यक्रम सोयीने पुढेमागे घ्यावे.

मूल्यमापन

१. एका वेळी ५, नंतर ९, नंतर ४ साळुंक्या दिसल्या. वहीत कोणता आकडा लिहाल? का?
२. रिकामी जागा व शून्य यांत फरक काय?
३. दाण्यांवर न येणारी तीन पाखरे सांगा. ती काय खातात?
४. भोरडीचा शेताला तोटा कोणता व उपयोग कोणता?
५. तुमच्या वहीत परीट प्रथम कोणत्या तारखेस व शेवटी कोणत्या तारखेस दिसला?

फेब्रुवारीअखेर सर्व गटांचे आकडे एका मोठ्या तक्त्यावर उतरवून तो वर्गात लावावा. मूळ वही मात्र मुलांस घरी देऊ नये. शाळेच्या दप्तरात ती जपून ठेवावी, कारण एका वर्षाच्या आकड्यांवरून पाखरे वाढली की घटली हे सांगता येत नाही. पुढच्या हिवाळ्यात नवा वर्ग त्याच जागी, त्याच वेळी बसेल, तेव्हा त्यास तुलनेसाठी हीच वही लागेल.