आधी जाळून बघा

सुवासिक मेणबत्त्या शिकायला कोणीही आलं, की पहिला प्रश्न बरणीचा असतो. कुठून आणता, लाकडी झाकणाची मिळते का, त्यावर सोनेरी नाव छापून देतात का. दुसरा प्रश्न वासाचा. वातीबद्दल कोणी विचारत नाही. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या आंधळगावात आणि आसपास ज्या बायकांनी हा उद्योग सुरू करून बंद केला, त्यांच्या घरी आजही रिकाम्या सुंदर बरण्या आणि अर्ध्या भरलेल्या वासाच्या बाटल्या सापडतील. पैसा तिथेच अडकतो. सुरुवातीला विकत घ्यायच्या वस्तू तीन: ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा, १०० अंशांपर्यंत मोजणारं तापमापक आणि चार-पाच वेगवेगळ्या जाडीच्या वाती. बरणी एकाच मापाची घ्या. वास एकच घ्या. तो नीट जमेपर्यंत दुसरी बाटली उघडू नका.

सोयाचं मेण म्हणजे काय, हे कळलं की पुढच्या निम्म्या अडचणी समजतात. सोयाबीनचं तेल पातळ असतं. त्यात हायड्रोजन मिसळवून ते घट्ट करतात, ज्या रीतीने वनस्पती तूप करतात त्याच रीतीने. म्हणजे हे मेण जातीने चरबीच आहे. ते मऊ असतं, म्हणून भांड्यातच ओतायचं. साच्यातून काढून उभ्या करायच्या मेणबत्तीला हे मेण चालत नाही. बरणीसाठीचं सोयामेण साधारण ४५ ते ५२ अंशांच्या दरम्यान वितळतं. हा आकडा लक्षात ठेवा.

आमचं घर कोसा रेशीम विणणाऱ्यांचं. आंधळगावात हे काम पिढ्यान्‌पिढ्यांचं. तेव्हा मोकळी जागा म्हणजे करघ्याची खोली, असं मी धरून चालले आणि वासाची बाटली तिथेच उघडली. मेणबत्ती बरी झाली. पण कोपऱ्यातल्या साड्यांनी तो मोगरा असा काही ओढून घेतला, की व्यापाऱ्याने गठ्ठा नाकाशी धरला आणि काही न बोलता परत सरकवला. उन्हात टाका, वाऱ्यावर टाका, वास काही हलेना. सासूबाई म्हणाल्या, "आता कोसाच जाळ वो माय, मेणबत्ती कायले जाळतं!" तेव्हा ज्यांच्या घरी सूत आहे, कापड आहे, शिवणकाम आहे, त्यांनी हे काम वेगळ्या खोलीत करावं. वास हे एक कारण. उघड्या आचेजवळ सूत आणि चिंध्या नसाव्यात, हे त्याहून मोठं.

आचेवर मेणाचं भांडं थेट ठेवायचं नाही. पातेल्यात पाणी, त्यात मेणाचा स्टीलचा डबा, मंद आच. पातेल्यातलं पाणी आटत नाही ना, यावर डोळा ठेवा आणि मेण गॅसवर असताना दाराशी आलेल्या माणसाशीही बोलायला जाऊ नका. धूर दिसला की गॅस बंद, डब्यावर झाकण, आणि हात मागे. पेटलेल्या मेणावर पाणी कधीही टाकायचं नाही. पाणी मेणाखाली जातं, क्षणात वाफ होतं आणि जळतं मेण छतापर्यंत उडवतं. ओल्या कढईत तेल तापवताना जे तडतडतं, त्याचंच हे भयंकर रूप. हातावर गरम मेण पडलं तर खरवडू नका. आधी वीसेक मिनिटं नळाच्या गार पाण्याखाली हात धरा. आणि उरलेलं मेण मोरीत ओतू नका, पुढे जाऊन ते पाइपात गोठतं.

बचत गटात कोणीतरी हमखास सुचवतं, की वाढदिवसाच्या केकवरच्या ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या करू, त्या जास्त खपतात. ते करू नका. ८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधल्या तळवड्यात तसल्याच मेणबत्त्यांच्या कारखान्यात आग लागली आणि तिथे काम करणाऱ्या बायकांचे जीव गेले. ते काम शोभेच्या दारूचं आहे, मेणाचं नाही. घरात त्याला जागा नाही.

आता वजन. एक किलो मेणाला ६० ग्रॅम सुगंधी तेल, म्हणजे सहा टक्के, इथून सुरुवात करा. मेण ८० ते ८५ अंशांना आणा, आचेवरून उतरवा, तेल घाला आणि दोन मिनिटं हळू ढवळा. फेस येईल इतकं घोटायचं नाही. मग साधारण ६० अंशांपर्यंत उतरलं की बरणीत ओता. ओतण्याचं तापमान मेणागणिक पाच-सात अंश इकडेतिकडे होतं; पुरवठादार जे सांगेल तिथून सुरू करून आपल्या खोलीप्रमाणे बदलायचं. वाटी, चमचा, पळी ही मापं इथे उपयोगाची नाहीत. तेलं कमीजास्त जड असतात आणि पळीभर म्हणजे किती, हे दोन बायकांचं कधी जुळत नाही. वास कमी वाटला म्हणून तेल वाढवत गेलात, तर एका मर्यादेनंतर मेण ते धरत नाही. तेल वर थेंब होऊन येतं, वात गुदमरते, नाहीतर मेणबत्ती भडकते.

वासाच्या बाबतीत आपल्याकडे घरगुती अक्कल फार चालते. गुलाबपाणी, केवडापाणी, आइस्क्रीममध्ये घालायचा इसेन्स, देवघरातलं अत्तर, उदबत्तीवाल्याकडचं तेल. यातली पाण्याची द्रव्यं मेणात मिसळतच नाहीत, तळाशी थेंब होऊन बसतात आणि वात तिथवर पोचली की तडतडतात. अंगावर मारायच्या सेंटमध्ये अल्कोहोल असतं, ते गरम मेणाजवळ नेणं सरळ धोक्याचं. उदबत्तीचं तेल उदबत्तीसाठी पातळ केलेलं असतं. मेणात ते कसं जळेल याचा भरवसा नाही. मेणबत्तीसाठी म्हणून विकलं जाणारं तेलच घ्या. आणि ते बहुतेक वेळा प्रयोगशाळेत बनलेलं असतं हे गिऱ्हाइकाला सांगा. सोया आहे म्हणून सगळं 'नैसर्गिक', 'धूर नाही', 'काजळी नाही' असं डब्यावर छापणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. वात जाड असेल किंवा पंखा अंगावर असेल, तर सोयाचीही काजळी धरते. घरात दम्याचा माणूस असेल तर वासाची कुठलीच मेणबत्ती बंद खोलीत लावू नये.

वातीपाशी मात्र थांबायला हवं, कारण मेणबत्ती बिघडते ती बहुतेक इथेच. बरणीचा आतला व्यास मोजा. सात सेंटिमीटर असेल, तर लावल्यापासून तीन-साडेतीन तासांत वितळलेलं मेण काठापर्यंत पोचायला हवं आणि त्याची खोली सेंटिमीटरभर असावी. वात बारीक असेल तर मधोमध विहीर पडते, कडेचं मेण तसंच राहतं आणि शेवटी ज्योत आपल्याच मेणात बुडून विझते. वात जाड असेल तर ज्योत उंच नाचते, टोकावर कोळशाचा गड्डा धरतो, काच हात लावू नये इतकी तापते. पॅराफिनला जी वात पुरते, ती सोयाला सहसा पुरत नाही. एक माप वर जावं लागतं. आणि वास बदलला की वातीचा हिशोबही बदलतो. मोगऱ्याला जी वात चालली ती दालचिनीला चालेलच असं नाही. म्हणून म्हटलं, वास एकच.

एकाच मापाच्या तीन-चार बरण्यांत वेगवेगळ्या वाती लावायच्या, बुडाची पत्र्याची टिकली मधोमध चिकटवायची, वही उघडून शेजारी बसायचं. दर तासाला लिहायचं: ज्योत केवढी, मेण कुठवर वितळलं, काच किती तापली. विझवायची, पूर्ण गार होऊ द्यायची, वात पाच-सहा मिलिमीटर ठेवून कापायची, पुन्हा लावायची. असं बुडापर्यंत. अर्ध्यावर सोडायचं नाही, कारण वरची अर्धी बरणी फसवते. ज्योत खाली उतरली की काचेच्या भिंती उष्णता कोंडतात आणि जी वात वर बरोबर वाटली, तीच खाली जास्त होते. एकदा दारं-खिडक्या लावून तपासा आणि एकदा पंखा चालू ठेवून. पुस्तकात लिहितात, वाऱ्यापासून दूर ठेवा. आमच्याकडे पंखा बंद करून मेणबत्तीचा वास घेत बसणारं घर मी पाहिलेलं नाही.

भंडारा पितळेच्या भांड्यांचं शहर, तेव्हा पितळी वाटीत मेणबत्ती ही कल्पना प्रत्येकीला सुचते. दिसते देखणी. पण पितळ काचेपेक्षा लवकर तापतं, मेण पटकन वितळतं, म्हणून वात बारीक लागते आणि खाली ताटली हवीच. दुसरं असं, की कल्हई नसलेल्या पितळेत ताक-तूप कळकतं हे आपल्या आज्यांना माहीत होतं. सोयामेणही चरबीच, काही दिवसांत काठाला हिरवी कड धरतं. कल्हई करून घ्या किंवा स्टीलकडे वळा. मातीची पणती-कुल्हड मेण पितं, आणि प्यालेलं अख्खं भांडंच वातीसारखं पेटू शकतं. नारळाची करवंटी तर नकोच. पातळ काचेचे चहाचे ग्लासही नकोत, ते तडकतात.

थंड झाल्यावर मेणावर पांढरी नक्षी उमटते, शेवाळासारखी किंवा पिठासारखी. गिऱ्हाईक म्हणतं, "बुरशी आली जी." बुरशी नाही, मेणातले चरबीचे स्फटिक आहेत. तापमान वरखाली झालं की जास्त येतात आणि रंग घातलेल्या मेणबत्तीवर उठून दिसतात. मी रंग घालणं सोडून दिलं. पांढऱ्यावर पांढरं कोणाला दिसत नाही.

ओतली आणि लगेच लावली, तर सोयामेण वास देत नाही. झाकण लावून पंधरा दिवस ठेवावी लागते. ह्यासाठी पंचांग पुरेसं आहे: कोजागिरीच्या आधी ओतलेली मेणबत्ती लक्ष्मीपूजनाला वास देते. कोजागिरीनंतर ओतली तर दिवाळीचा बाजार गेलाच म्हणून समजा. म्हणजे वातींच्या चाचण्या पोळ्याच्या आसपास सुरू व्हायला हव्यात, आणि ते दिवस पावसाचे. वाती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दमटलेली वात पेटताना चरचरते आणि आपण दोष मेणाला देतो.

प्रशिक्षणांत महाबळेश्वरच्या भावेश भाटियांचं उदाहरण सांगतात. दृष्टी गेलेल्या माणसाने हातगाडीवर मेणबत्त्या विकत सनराइज कॅन्डल्स उभी केली, हे उदाहरण मोठंच आहे. पण त्यांनी आधी मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडकडे हे काम रीतसर शिकून घेतलं होतं, हा भाग प्रेरणेच्या भाषणात गळतो. शिवाय महाबळेश्वरची हवा ती महाबळेश्वरची. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि टिनाखालच्या खोलीत त्याहून वर. मघाचा आकडा आठवा. त्या खोलीत मेणबत्ती नीट गोठत नाही. गोठली तर दुपारी वरचा थर लोण्यासारखा होतो, वात कलते, तेलाचे थेंब वर येतात. कूलरसमोर ठेवून गार करायला गेलं, की बरणीच्या एका बाजूने मेण सुटतं. कुरिअरच्या गाडीत तर काय होत असेल ते पोचल्यावरच कळतं. एकदा नागपूरला पाठवलेला खोका उघडला तेव्हा मेण झाकणात होतं आणि बरणीत वात. पैसे परत केले. कुरिअरवाल्याशी भांडून उपयोग नव्हता, उन्हाचा दोष त्याच्या माथी कसा मारणार?

विकलेल्या बरणीबरोबर चार ओळींची चिठ्ठी द्या: पहिल्यांदा काठापर्यंत वितळू द्या, चार तासांवर ठेवू नका, सेंटिमीटरभर मेण उरलं की पुन्हा लावू नका, पडदा आणि मच्छरदाणीपासून लांब ठेवा. शेवटची ओळ मी नंतर घातली. लाईन गेली की घरात जे काही मेणबत्ती म्हणून आहे ते लोक लावतात आणि झोपतात. उजेडासाठी ही बरणी नाहीच, ज्योत काठाखाली उतरली की उजेड छताकडे जातो. पण रात्री अंधारात कोण विचार करतं.

अडचण अशी, की लग्नसराई नेमकी एप्रिल-मेची. पाहुण्यांना द्यायला शंभर-दीडशे छोट्या बरण्या हव्यात म्हणून लोक येतात, आगाऊ पैसे पुढे करतात, आणि नवीन बाई हो म्हणते. मांडवात टेबलावर रचलेल्या त्या बरण्या दुपारच्या जेवणापर्यंत टिकत नाहीत. मी आता त्यांना कोशाच्या छोट्या थैल्या सुचवते, घरच्याच कापडाच्या. काही जण नाराज होऊन जातात. काही जण थैल्या नेतात आणि जाता जाता विचारतात, की पोरीची पहिली दिवाळी आमच्याकडे आहे, तेव्हा तरी द्याल ना? त्यांना सांगते, देईन, पण पोळा झाला की मला आठवण करा.