दिवस राहण्याआधीच फॉलिक ॲसिड सुरू करा



बाळ पाठीवर गाठ घेऊन जन्माला आलं की घरात लगेच ग्रहणाची चर्चा होते, नाहीतर सुनेला बोल लावला जातो. ग्रहणाचा यात काही संबंध नाही आणि सुनेचा दोषही नाही. मात्र असे कितीतरी दोष टाळता येतात. ते कसे, हे नवरा-बायको दोघांनी मिळून वाचावे.

गर्भ राहिल्यापासून सुमारे २८ दिवसांत बाळाच्या मेंदूची व मज्जारज्जूची नळी मिटते. आता हिशेब करा. पाळी चुकते तेव्हाच त्यातले साधारण १४ दिवस संपलेले असतात. मग आपण आठ-पंधरा दिवस वाट बघतो, सासूबाईंना सांगतो, नंतर केव्हातरी दवाखान्यात नाव घालतो. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. नळीचे वरचे टोक उघडे राहिले तर मेंदू व कवटी पुरती बनत नाही. असे बाळ जगत नाही. खालचा भाग उघडा राहिला तर पाठीवर गाठ येते, पायांत जोर नसतो, लघवी-शौचावर ताबा राहत नाही.

ही नळी नीट मिटायला फॉलिक ॲसिड हे 'ब' गटातले जीवनसत्त्व लागते. त्याच्या शोधाची सुरुवात आपल्या मुंबईतली बरं का! १९२८ साली ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाई तिथे आल्या आणि गिरणीकामगार गरोदर बायकांच्या रक्तक्षयावर यीस्टचा अर्क लागू पडतो, हे त्यांनी दाखवलं. त्या अर्कातला गुण याच जीवनसत्त्वाचा. पुढे १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांत केलेल्या पाहणीचा निष्कर्ष आला. आधीचे मूल असे झालेल्या स्त्रियांनी दिवस राहण्याआधीपासून ही गोळी घेतली, तर चारांतले जवळजवळ तीन दोष टळले. सगळेच टळतात असे नाही.

म्हणूनच ही गोष्ट कुटुंबनियोजनाच्या पत्रकात. पाळणा लांबवलेल्या जोडप्याला पुढचं मूल कधी हवं ते आधी ठाऊक असतं. तांबी काढायची किंवा पाळणा लांबवण्याच्या गोळ्या थांबवायच्या, असे ठरले की त्याआधी निदान एक महिना फॉलिक ॲसिड सुरू करावे. रोज ४०० मायक्रोग्रॅम, तिसरा महिना पुरा होईपर्यंत. चौथ्यापासून लोहाची लाल गोळी; तिच्यात फॉलिक ॲसिड असतेच. आधीचे मूल असे झाले असेल किंवा फिटचे औषध चालू असेल, तर जास्त ताकदीची गोळी लागू शकते, ती डॉक्टरांनाच विचारून. फिटचे औषध मनाने बंद करू नका.

पालक, मेथी, चवळी, मूग, हरभरा यांतही हे जीवनसत्त्व आहे, पण भाजी उकळून पाणी फेकलं की बरंचसं जातं. शिवाय सर्वांची पानं उठल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या बाईच्या वाट्याला भाजी येते किती? नुसत्या आहारावर विसंबू नका. मीठ आयोडीनयुक्तच आणा. आयोडीन कमी पडलं तर बाळाच्या बुद्धीवर परिणाम होतो. 'अ' जीवनसत्त्वाच्या जास्त ताकदीच्या गोळ्या मात्र मनाने घेऊ नका, त्यांनी गर्भाला अपाय होतो.

गोळीसाठी आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या नर्सबाईंना विचारा. एखाद्या दिवशी राहिली तर दुसऱ्या दिवशी नेहमीची एकच घेऊन पुढे चालू ठेवा.