काळीवर खोली बांधताना

घरी ट्रॅक्टर आला. सोसायटीचे कर्ज काढून आणला. आता तो उन्हापावसात उभा कसा ठेवायचा? त्याला खोली हवी. गावात जागा नाही. मग शेतातच बांधू, असे ठरते. गवंडी येतो. दोन फूट चर खणतो. दगड भरतो. भिंती उठतात, पत्रे चढतात, नारळ फुटतो.

एक पावसाळा जातो. उन्हाळा येतो. भिंतीला कोपऱ्यातून तिरपी भेग पडते. दुसऱ्या वर्षी त्या भेगेत बोट जाते.

मालक म्हणतो, "गवंड्यानं सिमेंट कमी घातलं." गवंडी म्हणतो, "तुमची वाळूच मातकट होती." अशी भांडणे आम्ही पुष्कळ ऐकली आहेत. कधी मालकाचे खरे असते, कधी गवंड्याचे. पण काळ्या रानात बहुतेक वेळा चूक भिंतीत नसते, भिंतीखाली असते.

जुनी माणसे शेताला 'काळी' म्हणत आणि गावठाणाला 'पांढरी' म्हणत. पीक काळीत, घर पांढरीवर. यात मोठे शहाणपण होते. काळी माती पाणी प्याली की फुगते. वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात, त्या आपण दरसाल बघतो. पाय अडकेल एवढ्या त्या रुंद होतात. अशी माती पावसात पाया वर उचलते आणि उन्हाळ्यात खाली सोडते. तीही सगळीकडे सारखी नाही. एक कोपरा उचलला, दुसरा खचला, की भिंत फाटते.

आपली माती कशी आहे हे घरीच बघा. तीन फुटांखालची मूठभर माती घ्या. पाणी घालून लोण्यासारखी मळा. काड्यापेटीएवढ्या डबीत काठोकाठ भरा. सावलीत वाळू द्या. वाळल्यावर माती डबीच्या कडा सोडून आत सरली, तर ती फुगणारी माती समजावी. जितकी जास्त सरेल तितका धोका मोठा.

मग पाया कुठवर न्यायचा? मुरूम लागेपर्यंत. तीनचार फुटांवर मुरूम लागला, तर पाया त्यावरच बसवा. नाहीच लागला, तर निदान भेगा जातात त्याच्या खाली जा. तिथे बाहेरचा मुरूम आणून फूटभर भरा. सहा सहा इंचांचा थर द्यावा, पाणी शिंपावे, धुमसाने ठोकावे. एकदम ओतून वरून ठोकला, तर खालचा मुरूम भुसभुशीतच राहतो. मुरूमही पारखून घ्या. ओला करून मुठीत दाबा. हाताला चिकटला तर त्यात माती आहे. तो परत पाठवा.

काळी फारच खोल असेल, तर दुसरी रीत आहे. जमिनीत खोल भोके पाडून काँक्रीटचे खांब ओततात. खांब खाली घागरीसारखा फुगीर असतो, म्हणून माती त्याला वर ढकलू शकत नाही. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ही रीत काळ्या मातीसाठी बसवली. ते काम मात्र इंजिनियरला विचारूनच करावे.

आता थोडा हिशेब करू. खोली २० फूट लांब, १२ फूट रुंद. पुढची बाजू मोकळी. म्हणजे भिंती तीन. २० आणि १२ आणि २०, झाले ५२ फूट. चर अडीच फूट रुंद, ४ फूट खोल. ५२ गुणिले अडीच गुणिले ४, म्हणजे ५२० घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास. खोदाई झाली ५ ब्रासांहून थोडी जास्त. खोदाईचा ठेका देताना हा आकडा तोंडपाठ ठेवा.

मुरमावर सहा इंच काँक्रीट घाला. एक घमेले सिमेंट, चार वाळू, आठ खडी. एवढ्या चराला सिमेंटच्या सहासात गोण्या लागतील. गोणीवरची तारीख वाचा. आता वाचता येते ना! तीन महिन्यांहून जुने किंवा गाठी झालेले सिमेंट पायाला नको. वाळू काचेच्या पेल्यात पाण्यासह हलवून ठेवा. तासाभराने वर गाळाचा जाड थर दिसला, तर वाळू धुऊन घ्या.

काँक्रीटवर दगडी बांधकाम. दगड काळा आणि घट्ट असावा. हातोडी मारली की खणखणीत वाजतो तो घ्या. बद्द वाजतो तो ठेवा बाजूला. बांधकाम मातीत करू नका, सिमेंटच्या मालात करा. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीला भूकंप झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती निजलेल्या माणसांवर कोसळल्या. हजारो माणसे गेली. त्या भिंतींत आतली आणि बाहेरची बाजू जोडणारे लांब दगड नव्हते. म्हणून दर थरात काही दगड आरपार जातील असे बसवायला गवंड्याला सांगा. उभे राहून बघा. सात दिवस पाणी मारा, यात आळस नको.

जमीनही विसरू नका. खोलीच्या आतली काळी माती दोन फूट काढून मुरूम भरा. नाहीतर भिंती राहतील आणि फरशी उचलेल. पत्र्यावरचे पाणी पायाशी पडू देऊ नका. पन्हळ लावा, बाहेर उतार करा, पाणी लांब काढून द्या. भिंतीलगत झाड लावू नका. मुळे पायाखालचे पाणी ओढतात आणि माती आकसते.

चर उघडे टाकून गावाला जाऊ नका. खोदाई उन्हाळ्यात करा आणि लागलीच भरून घ्या. खणलेली काळी माती चराच्या कडेने परत लोटायची गवंड्यांना सवय असते. त्यांना थांबवा. तिथे मुरूमच भरायचा. माती गाडीत भरून शेतात पसरून टाका.