खाटकाचा जुना ठोकळा : रचना व निगा

सुमारे शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मांसविक्रेत्यांच्या दुकानांत जाड लाकडी ठोकळ्याचे मेज असे. अशी जुनी मेजे आता तेथील घरांत हौसेने जतन केली जातात. परंतु पिढ्यान्‌पिढ्या सातुराचे घाव सोसलेला ठोकळा उबदार घरात येताच एका हिवाळ्यात तडकतो, असेही घडते. याचे कारण लाकडाच्या रचनेत आहे.

हा ठोकळा बहुधा शुगर मेपल या वृक्षाच्या कठीण लाकडाचा असतो. लाकडाचे तुकडे उभे ठेवून एकमेकांस चिकटविलेले असल्यामुळे तंतूंची टोके वरच्या बाजूस येतात. आपल्याकडील खाटीक चिंचेच्या खोडाचा आडवा कापलेला ओंडका वापरतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. सुरीची धार तंतूंच्या मधून शिरते. ती लवकर बोथट होत नाही व लाकडाच्या ढलप्याही निघत नाहीत.

तथापि, ही उघडी टोके हेच ठोकळ्याचे मर्मस्थान होय. वृक्ष जिवंत असता ज्या सूक्ष्म नळ्यांतून पाणी वर चढे, त्यांची तोंडे येथे उघडी असतात. त्यांतून पाणी झपाट्याने आत शिरते व तसेच बाहेर पडते. हवेची सापेक्ष आर्द्रता 65 टक्के असता लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे 12 टक्के पाणी असते. आर्द्रता 30 टक्क्यांवर आली की ते सुमारे 6 टक्के उरते. एवढ्या फरकाने 60 सेंटिमीटर रुंदीचा मेपलचा ठोकळा 6 ते 12 मिलिमीटर आकसू शकतो. हे सावकाश व सर्वत्र सारखे घडल्यास बाधत नाही. पृष्ठभाग सुकला आणि गाभा ओलाच राहिला, तर मात्र तडा जातो.

म्हणून मेज शेगडीपासून व उन्हापासून दूर ठेवावे. त्यावर पाणी ओतू नये. जुने सांधे पुष्कळदा सरसाने जोडलेले असतात आणि सरस पाण्याने मऊ होतो. साबणाच्या कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने ठोकळा पुसून लगेच कोरडा करावा. खाण्यास निर्धोक असे शुद्ध खनिज तेल त्यात मुरू द्यावे. शेंगदाण्याचे तेल कालांतराने खवट होते. रंगकामाच्या जवसाच्या तेलात धातूंचे क्षार मिसळलेले असू शकतात. हिवाळ्यातील भेगेत कठीण लांबी भरू नये. दमट ऋतूत लाकूड फुगले म्हणजे ती सांध्यांवर दाब आणते.

लाकूड अस्वच्छच, हा समज पूर्णतः खरा नाही. 1994 साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील डीन क्लिव्हर व त्यांचे सहकारी यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, लाकडात शोषले गेलेले जंतू पृष्ठभागावर सहसा परत आढळले नाहीत; सुरीचे चरे पडलेले प्लास्टिक मात्र हाताने धुऊन स्वच्छ करणे कठीण ठरले. तरीही कच्चे मांस व तयार अन्न एकाच जागी कापू नये.

खरा धोका पायांवरील जुन्या रंगात असू शकतो. अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर 1978 साली बंदी आली. त्यापूर्वीचा रंग तपासून घेतल्यावाचून कोरडा घासू नये; त्याची धूळ मुलांस विशेष अपायकारक असते.