मेन पीसीवर बिल निघतं, मग काउंटरवर का अडतं?

व्हिडिओतल्या स्टेप्स इथे लिहून देतोय, म्हणजे काम करताना समोर ठेवता येतील.

बिलिंग सॉफ्टवेअरचा डेटा मेन पीसीवर असतो आणि काउंटरचा पीसी नेटवर्कवरून तोच डेटा वापरतो. मेन पीसीवर सगळं झकास चालतं, काउंटरवर मात्र 'अ‍ॅक्सेस डिनाइड'. गिऱ्हाईक खोळंबतं, म्हणून घाईत 'एव्हरीवन'ला 'फुल कंट्रोल' देऊन टाकतात. तसं करू नका.

विंडोजमध्ये शेअर केलेल्या फोल्डरला दोन कुलपं असतात: एक शेअरिंगचं, दुसरं सिक्युरिटीचं. मेन पीसीवरच बसून काम केलं, तर फक्त सिक्युरिटीचं लागतं. नेटवर्कवरून आलात, तर दोन्ही लागतात आणि त्यातलं जास्त कडक असेल तेच चालतं. बिल बनवताना सॉफ्टवेअर फाइलमध्ये लिहितं, त्यामुळे नुसतं 'रीड' पुरत नाही.

आता क्रमाने करा:

१. आधी डेटाचा बॅकअप घ्या.

२. काउंटरवरून ते फोल्डर उघडा. उघडतच नसेल, तर आधी केबल, वाय-फाय आणि मेन पीसी चालू आहे का ते बघा. उघडलं, पण आत नवी टेक्स्ट फाइल बनत नसेल, तर बहुतेक परमिशनचाच प्रश्न आहे.

३. मेन पीसीवर काउंटरसाठी वेगळा युजर आणि पासवर्ड बनवा.

४. फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, शेअरिंग, अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग, परमिशन्स इथे जा. या युजरला 'चेंज' द्या, 'एव्हरीवन' काढा.

५. सिक्युरिटी टॅबमध्ये त्याच युजरला 'मॉडिफाय' द्या.

६. काउंटरचा पीसी रीस्टार्ट करा, याच युजरने जोडा आणि टेक्स्ट फाइल पुन्हा बनवून बघा.

शेअर फक्त डेटाचं फोल्डर करा, अख्खा ड्राइव्ह नाही. काउंटरच्या पीसीत रॅन्समवेअर शिरलं, तर त्या युजरला जिथे लिहिता येतं, तिथल्या सगळ्या फाइल्स ते लॉक करू शकतं. 'मॉडिफाय' दिलेलं फोल्डरही त्यातून सुटत नाही. म्हणून बॅकअपची हार्ड डिस्क काम झालं की काढून ठेवायची.

वेगळ्या युजरचा आणखी एक फायदा म्हणजे, काउंटरवरचा माणूस काम सोडून गेला की पासवर्ड बदलला, काम झालं.

आजचा होमवर्क: तुमच्या दुकानात 'एव्हरीवन'ला काय काय उघडं आहे, ते आज शटर ओढण्याआधी तपासा!