गव्हाणींतील ओवा आणि बाटलींतील अर्क

गेल्या पावसाळ्यांत इयत्ता नववीच्या एका विद्यार्थ्यानें मला एक प्रश्न विचारला. त्याच्या घरीं एक दुभती म्हैस आहे. तिचें दूध वाढावें म्हणून त्याच्या वडिलांनीं बाजारांतून ओव्याच्या तेलाची बाटली आणिली, आणि ज्या चमच्यानें ते पूर्वीं ओव्याची पूड आंबोणांत मिसळीत, त्याच चमच्यानें दोन्ही वेळां तें तेल घातलें. दुसऱ्या दिवशीं म्हशीनें गव्हाणीकडे पाठ फिरविली, रवंथ मंदावला व दूध निम्म्यावर आलें. जनावरांच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानें तेल बंद केल्यावर चार दिवसांनीं ती पूर्ववत् झाली. "गुरुजी, ओवा तर औषधी, मग त्याच्याच तेलानें अपाय कां व्हावा?" असें त्या मुलानें विचारलें. प्रश्न मार्मिक आहे, आणि ज्यांच्या दारीं गुरें आहेत अशा सर्व पालकांच्या उपयोगाचा आहे. म्हणून त्याचें उत्तर येथें थोड्या विस्तारानें देत आहें.

प्रथम जनावराच्या पोटाची रचना लक्षांत घेतली पाहिजे. गाय, म्हैस, शेळी व मेंढी यांच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतील पहिला व सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट. मोठ्या गाईच्या कोठीपोटांत १०० लिटरांहून अधिक द्रव्य मावतें. हा एक प्रकारचा आंबवण्याचा रांजणच होय. त्यांत असंख्य सूक्ष्म जंतु वस्ती करून असतात. कडब्यांतील जो तंतुमय भाग आपणांस पचत नाहीं तो हे जंतु फोडतात, आणि त्यापासून होणाऱ्या आम्लांवर जनावराचें पोषण होतें. या क्रियेंत मिथेन नांवाचा वायुहि उत्पन्न होऊन ढेकरेवाटे बाहेर जातो, व त्याबरोबर खाद्यांतील एकंदर शक्तीचा शेंकडा २ पासून १२ पर्यंत भाग व्यर्थ जातो. तात्पर्य, आपण गाईस चारा घालतों असें म्हणतों, परंतु प्रथम जेवतात ते हे जंतु.

आतां वनस्पतींकडे वळूं. झाडांना पळतां येत नाहीं. म्हणून किडींपासून व जंतूंपासून बचाव करण्यासाठीं तीं उग्र, कडू व तुरट द्रव्यें तयार करतात. ओव्यांतील थायमॉल, दालचिनींतील सिनॅमाल्डिहाइड व लवंगेंतील युजेनॉल हीं त्यांपैकींच होत. थायमॉल जंतूंच्या पेशीचें आवरण दुबळें करतें व आंतील द्रव्य पाझरून जातें. बाभळीच्या शेंगांतील टॅनिन हें तुरट द्रव्य प्रथिनांस चिकटतें. तें माफक असल्यास कांहीं प्रथिन जंतूंच्या तावडींतून सुटून पुढें जनावराच्या कामीं येतें, परंतु अधिक झाल्यास जनावर खाणेंच कमी करतें. रिठ्यास फेस आणणारें सॅपोनिन कोठीपोटांतील आदिजीवांची संख्या घटवितें. हीं द्रव्यें मोजून दिलीं तर पोटांतील जंतूंचा समतोल आपणांस इष्ट अशा बाजूस झुकवितां येईल, अशी शास्त्रज्ञांची आशा आहे.

ही आशा आजच एवढी प्रबळ कां झाली, यास एक गंभीर कारण आहे. १९५० च्या सुमारास अमेरिकेंत असें आढळून आलें कीं, प्रतिजैविक औषधांचा अल्प अंश खाद्यांत घातल्यास कोंबडीचीं पिलें लवकर वाढतात. ही रीत जगभर पसरली. परंतु औषधाचा थोडा थोडा मारा नित्य होऊं लागला, म्हणजे त्यास दाद न देणारे जंतु तेवढे उरतात व वाढतात. ते मनुष्यापर्यंत पोहोंचले, तर तापानें फणफणलेल्या मुलास दिलेलें तेंच औषध निष्फळ ठरतें. म्हणून स्वीडननें १९८६ सालीं व युरोपीय संघानें १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठीं अशीं औषधें खाद्यांत घालण्यास मनाई केली. कोलिस्टिन हें औषध बिकट जंतुदोषावरील अखेरचा उपाय म्हणून माणसांसाठीं राखून ठेवावें लागतें. अन्नासाठीं पाळलेल्या पशुपक्ष्यांत त्याचा वापर भारत सरकारनें २०१९ सालीं बंद केला. या औषधांची जागा वनस्पतींचे अर्क घेऊं शकतील काय, याचा शोध त्यामुळें जोरानें चालू आहे.

परंतु शोध चालू आहे याचा अर्थ सिद्धि झाली असा नव्हे. कांचेच्या नळींत जो अर्क मिथेन घटवितो, तो गाईच्या पोटांत तसाच वागेल असें नाहीं. पुष्कळदां कांहीं आठवड्यांत पोटांतील जंतु त्यास सरावतात व गुण ओसरतो.

आतां त्या बाटलीचा हिशेब करूं. १०० किलो ओव्यांतून साधारणपणें २ ते ४ किलो तेल निघतें. चमच्यांत ५ ग्रॅम तेल मावतें असें धरलें, तर तो एक चमचा १२५ ते २५० ग्रॅम ओव्याच्या बरोबरीचा झाला! दोन वेळचा हिशेब तुम्हींच करा. जे जंतु चारा पचवितात त्यांवरच हा घाला पडला. मग म्हशीनें तोंड फिरविलें यांत नवल तें काय?

जें झाडापासून आलें तें निरुपद्रवीच, ही समजूत सोडून दिली पाहिजे. ज्वारीचे कोवळे फुटवे खाऊन गुरें दगावतात, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. तें विषहि वनस्पतीचेंच. कांदा अति झाल्यास गुरांच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. लसूण दिल्यास दुधास वास येतो. गुण आणि अपाय यांमध्यें पुष्कळदां केवळ मात्रेचें अंतर असतें.

म्हणून पालकांस विनंती कीं, कोणताहि अर्क पशुवैद्यास विचारल्यावांचून देऊं नये, आणि आजारी जनावराचें औषध परस्पर बंद करून त्याजागीं अर्क योजूं नये. विद्यार्थिमित्रहो, तुम्हीं एक वही घाला. रोज किती आंबोण घातलें, किती दूध निघालें, हें महिनाभर लिहा. पुढें पशुवैद्याच्या संमतीनें कांहीं बदल केलाच, तर एका वेळीं एकच करा व पुन्हां महिनाभर लिहा. आजीच्या बटव्यांतील ज्ञान टाकाऊ नाहीं. त्यास तराजू व वही यांची जोड हवी, एवढेंच. मुकें जनावर ही परमेश्वरानें आपल्या हातीं सोंपविलेली ठेव आहे. तें आपलें दुखणें बोलून दाखवूं शकत नाहीं. म्हणून त्याच्या वतीनें मोजणें व विचारणें हें आपलें कर्तव्य होय.