अंगणातली जुनी मारुती ८००: ठेवावी की काढावी?

प्रश्न : रत्नागिरीतील एका वाचकाकडे २००३ ची मारुती ८०० आहे. धुणे नाही, पॉलिश नाही, तरी चावी फिरवली की सुरू होते. तिच्यावर आता खर्च करावा का?

उत्तर : या गाडीचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरी इंजिन साधं आणि सोशिक. १९८३ मध्ये आलेलं हे मॉडेल २०१४ मध्ये बंद झालं, तरी सुटे भाग मिळतात आणि गल्लीतल्या मेकॅनिकला ते तोंडपाठ असतं. ऑईल वेळेवर बदललं की त्याची फार कुरकुर नसते.

घात होतो तो पत्र्याचा. कोकणचा पाऊस, खारी हवा आणि चिकटून बसलेली लाल माती! मॅट उचलून फ्लोअर स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावा. टोक आत गेलं तर पत्रा कुजला समजा. दाराच्या खालच्या कडेला पाणी निथळायची बारीक भोकं असतात, ती तारेने मोकळी करावीत. काचेखालच्या जाळीतला पाचोळाही काढावा (आंब्याखाली गाडी लावणाऱ्यांनी तर दर आठवड्याला). पावसाळ्यात उभी ठेवताना हँडब्रेक ओढू नये, लायनर चिकटतात. गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुने रबरी पाइप तडकू शकतात. टायमिंग बेल्टबरोबर तेही बदलावेत.

पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, शिवाय पर्यावरण कर. तो भरलाय ना, हे आधी तपासावं.

फ्लोअर शाबूत असेल तर गाडी ठेवावी. सस्पेन्शनच्या बैठकीचा पत्रा कुजला असेल, तर मात्र मोह सोडून ती अधिकृत स्क्रॅप केंद्रात द्यावी.